आधी यादी, मग जाळं

दोन कॉम्प्युटर एकमेकांशी सुरक्षितपणे जोडायचे तर एक बोगदा पुरतो. पाच कॉम्प्युटर असतील आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी थेट बोलायचं असेल, तर १० बोगदे लागतात. दहांना ४५ आणि पन्नासांना १,२२५. शिवाय प्रत्येक बोगद्याची नोंद दोन्ही टोकांना करावी लागते, म्हणजे दहा मशिनांच्या जाळ्यात ९० नोंदी झाल्या. अकरावं मशीन आलं की आणखी वीस, आणि त्यांतल्या दहा जुन्या मशिनांवर एकेक करून लॉगिन करून घालायच्या.

खासगी जाळं उभारायचं म्हटलं की माणसं पहिल्यांदा एन्क्रिप्शनची चौकशी करतात. कुठलं चांगलं, किती बिटांचं, फोडता येतं का. चौकशी रास्त आहे, पण ते काम जाणकारांनी करून ठेवलंय आणि त्यात आपण हात न घातलेलाच बरा. आपल्या वाट्याला उरतं ते दप्तर: कोण आत आहे, कोणाचा पत्ता काय, कोणाची किल्ली कोणती, आणि मुख्य म्हणजे कोण आता आत नाही. प्रत्येक मशीन प्रत्येकाशी जोडणारी छोटी जाळी, म्हणजे मेश व्हीपीएन, बिघडतात ती बहुतेक या दप्तरापायी. ही पुस्तिका त्याच्याविषयी आहे. दप्तर एका जागी लिहावं आणि प्रत्येक मशीनने ते वाचून स्वतःला तसं करून घ्यावं, एवढंच तिचं सांगणं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. यूट्यूबवरच्या जाहिरातींमुळे व्हीपीएन म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती दरमहा पैसे घेऊन आपली सगळी ये-जा परदेशातल्या सर्व्हरमधून वळवणारी कंपनी. तिथे तुम्ही आपल्या इंटरनेट कंपनीऐवजी दुसऱ्या एका कंपनीवर भरवसा टाकता, इतकंच. इथला मामला वेगळा आहे. मशिनं तुमची, दोन्ही टोकं तुमची, मधला रस्ता तेवढा परका. बातम्यांची साइट उघडलीत तर ती नेहमीच्याच वाटेने येईल. घरच्या सर्व्हरवर ठेवलेले फोटो उघडलेत तर ते बोगद्यातून येतील. सरकारनेही हा फरक मानला आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवावी असं म्हटलं, तेव्हा बरीच ओरड झाली आणि काही विदेशी कंपन्यांनी भारतातले सर्व्हर गुंडाळले. निर्देशांच्या पुढच्याच महिन्यात खुलासा आला की संस्थांच्या स्वतःच्या अंतर्गत व्हीपीएनना ही अट लागू नाही.

मग जोडणीसाठी एवढा खटाटोप कशाला, सरळ पत्ता टाकून का बोलता येत नाही? कारण आपल्या घरातल्या मशिनांना बाहेरच्या जगात पत्ताच नसतो. आयपीव्ही४ चे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. ते पुरणार नाहीत हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच दिसू लागलं होतं. १९९४ मध्ये एगेवांग आणि फ्रान्सिस यांनी आरएफसी १६३१ मध्ये नॅटची युक्ती मांडली: आतल्या अनेक मशिनांनी बाहेरचा एकच पत्ता वाटून घ्यायचा. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी वापराला राखून ठेवले. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाचा मध्यवर्ती साठा संपला, आणि १५ एप्रिलला आशिया-पॅसिफिकची एपनिक ही संस्था आपल्या शेवटच्या गठ्ठ्याशी येऊन ठेपली. भारत एपनिकच्या हद्दीत. आपल्याकडे इंटरनेट घराघरांत पोचलं ते त्यानंतर, त्यामुळे पंगतीला उशिरा बसणाऱ्याच्या पानात जे पडतं ते आपल्या पानात पडलं. घरचा राउटर एका नॅटचा मालक, आणि तो राउटर स्वतः कंपनीच्या आणखी एका नॅटच्या मागे. राउटरच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता म्हणून १००.६४ ते १००.१२७ यांमधला आकडा दिसला, तर समजायचं की आपण या दुसऱ्या भिंतीमागे आहोत. २०१२ च्या आरएफसी ६५९८ ने तो पट्टा याच कामासाठी दिला आहे. मग पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर काहीही भरा, बाहेरून आत येता येत नाही. कस्टमर केअरकडे स्टॅटिक आयपी मागितला तर त्याचे दरमहा वेगळे पैसे सांगतात.

या भिंती ओलांडायची हत्यारं आधी नव्हती असं नाही. मायक्रोसॉफ्टचं पीपीटीपी १९९८ मध्येच ब्रूस श्नायर आणि 'मज' या टोपणनावाचा तज्ज्ञ यांनी उघडं पाडलं. आयपीसेकविषयी फर्ग्युसन आणि श्नायर यांनी १९९९ मध्ये जो अभ्यास लिहिला, त्यात मुख्य तक्रार गुंतागुंतीची होती: इतके पर्याय की नीट तपासणंच अवघड. जेम्स योनानचं ओपनव्हीपीएन २००१ मध्ये आलं आणि जगभर रुजलं. आजही अनेक ऑफिसं त्यावर चालतात. पण त्याचा घाट मधे एक सर्व्हर आणि भोवती ग्राहक असा आहे. पुण्यात एकाच गल्लीत असलेल्या दोन लॅपटॉपना एकमेकांशी बोलायला मुंबईच्या सर्व्हरला जाऊन यावं लागतं. मेशचा खरा विचार केला तो टिंकने, तोही १९९८ पासून. टिंक मला अजूनही आवडतं, पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही, १.१ ही त्याची पुढची आवृत्ती वर्षानुवर्षं 'प्री'ची शेपटी लावूनच वावरते आहे.

जेसन डोनेनफेल्डने वायरगार्ड लिहिलं आणि पाटी कोरी केली. २०१७ मध्ये एनडीएसएस परिषदेत त्याचा निबंध आला, आणि मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ बरोबर ते थेट कर्नेलमध्ये दाखल झालं. सगळा कोड चार हजार ओळींच्या आसपास, म्हणजे एखादा चिकाटीचा माणूस बसून वाचू शकेल इतका. यात एन्क्रिप्शनचे पर्याय नाहीतच. कर्व्ह२५५१९, चाचा२०, पॉली१३०५, ब्लेक२एस ही चौकडी ठरलेली. उद्या त्यांतलं एखादं कच्चं निघालं तर सगळ्यांनी मिळून पुढच्या आवृत्तीवर जायचं. दोन टोकांनी आपापसांत 'तुला काय जमतं, मला काय जमतं' अशी घासाघीस करायची सोयच ठेवलेली नाही, आणि जुन्या व्हीपीएनमधल्या कितीतरी भगदाडांची वाट याच घासाघिशीतून जात असे.

वायरगार्डची एक नोंद जवळून पाहू, कारण पुढची सगळी पुस्तिका तिच्यावर उभी आहे. यात कोणी सर्व्हर नाही आणि कोणी ग्राहक नाही. असतात ते फक्त जोडीदार, ज्यांना फाइलीत पीअर म्हणतात. जोडीदाराची पहिली ओळ त्याची सार्वजनिक किल्ली: ३२ बाइटांची, लिहिताना ४४ अक्षरांची, शेवटी बरोबरचं चिन्ह. दुसरी ओळ त्याला कुठे गाठायचं याची, म्हणजे बाहेरचा पत्ता आणि पोर्ट. ही ओळ नसली तरी चालतं. समोरच्याने स्वतःहून संपर्क केला आणि त्याची किल्ली पटली, की तो जिथून बोलला तो पत्ता वायरगार्ड आपणहून लक्षात ठेवतं. लॅपटॉप घरच्या वायफायवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेला तरी बोगदा टिकतो तो यामुळेच.

तिसरी ओळ 'अलाउड आयपीज', आणि खरी मेख हिच्यात आहे. नावावरून ती नुसती परवानगी वाटते. प्रत्यक्षात ती दोन कामं करते. पाकीट बाहेर जाताना ती रस्ता सांगते: १०.२०.०.३ कडे जायचं असेल तर या किल्लीच्या माणसाकडे द्या. पाकीट आत येताना तीच ओळ दारावर उभी असते: या किल्लीने उलगडलेल्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.२०.०.३ च हवा, दुसरा असेल तर पाकीट फेकून द्या. पत्ता आणि किल्ली यांची अशी गाठ मारल्यामुळे जाळ्यातला एक दुसऱ्याचं सोंग घेऊ शकत नाही. मात्र एका इंटरफेसवर एक पत्ता एकाच जोडीदाराचा असू शकतो. चुकून तोच पत्ता दुसऱ्यालाही दिलात तर वायरगार्ड कुरकुर करत नाही, पहिल्याकडून काढून दुसऱ्याला देतं आणि गप्प बसतं. हाताने लिहिलेल्या फाइलींत हा प्रकार सर्रास होतो, आणि पहिलं मशीन 'आपोआप' बंद पडल्याची तक्रार येते.

गप्प बसणं हा या प्रोटोकॉलचा स्वभावच आहे. अनोळखी किल्लीने दार वाजवलं तर तो उत्तर देत नाही, नकारसुद्धा नाही. बाहेरून पोर्ट तपासणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही, हे उत्तम. पण किल्लीतलं एक अक्षर चुकलेलं मशीन आणि वीज गेलेलं मशीन बाहेरून अगदी सारखं दिसतं, आणि नवखा माणूस तिथे तासन्‌तास घालवतो.

हे अक्षर चुकू नये, पत्ता दोघांना जाऊ नये, किल्ली योग्य माणसापर्यंत पोचावी, याची काळजी कोण घेणार? वायरगार्डचं उत्तर आहे: मी नाही. किल्ल्या वाटण्याचं काम त्याने जाणूनबुजून बाहेर ठेवलं. ते माझ्या मते बरोबरच झालं, नाहीतर चार हजार ओळींच्या चाळीस हजार व्हायला वेळ लागला नसता. पण त्यामुळे दप्तर आपल्या गळ्यात पडलं.

दप्तर आणि वस्तुस्थिती यांची फारकत कशी होते, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. सातबाऱ्यावर नाव आजोबांचं, इतर हक्कांत कधीच फिटलेल्या कर्जाचा बोजा, आणि जमीन कसतोय तिसराच. हाताने सांभाळलेलं जाळं दोन-तीन वर्षांत याच वळणावर येतं. कोणीतरी घाईत एका सर्व्हरवर थेट कमांड देऊन जोडीदार घातला, फाइलीत लिहायचं राहिलं. रीस्टार्ट झाल्यावर तो नाहीसा झाला. कोणीतरी फाइलीत लिहिलं पण चारच मशिनांवर. सोडून गेलेल्या सहकाऱ्याचा लॅपटॉप तीन ठिकाणी काढला आणि दोन ठिकाणी राहिला. जाळ्यात आज नक्की कोण आहे, असं विचारलं तर प्रत्येक मशीन वेगळं उत्तर देतं, आणि त्यांतलं एकही खोटं नसतं.

हवी ती स्थिती लिहा आणि तिथवर पोचायचं काम यंत्रावर सोडा, ही कल्पना सिस्टिम सांभाळणाऱ्यांच्या जगात जुनी आहे. मार्क बर्जेसने १९९३ मध्ये ओस्लोत सीएफइंजिन लिहिलं. पपेट, अ‍ॅन्सिबल ही त्याची पुढची पिढी. ही साधनं वाईट नाहीत. पण तुम्ही जे लिहिलंत तेवढ्यापुरतीच ती हमी देतात. लिहिणं थांबवलंत त्याचं पुढे काय झालं, याच्याशी त्यांना सहसा कर्तव्य नसतं. अ‍ॅन्सिबलच्या फाइलीतली एक पायरी खोडली म्हणून मशीनवर आधीच झालेलं काम उलटत नाही. 'हे इथे नसावं' असं वेगळं लिहावं लागतं, आणि ते लिहायला लोक विसरतात. जाळ्याच्या कामात खोडण्याला जोडण्याइतकंच महत्त्व आहे.

एल्को डोल्स्ट्राने उट्रेख्ट विद्यापीठात २००३ च्या सुमाराला सुरू केलेल्या आणि २००६ च्या प्रबंधात सविस्तर मांडलेल्या निक्सने ही फट बुजवली. निक्सचा बाणा असा की जुन्यावर ठिगळ लावायचं नाही. वर्णन बदललं की सगळी रचना त्या वर्णनावरून नव्याने तयार होते, वेगळ्या जागी ठेवली जाते, आणि मग एका झटक्यात सिस्टिम तिच्याकडे वळवली जाते. वर्णनात जे नाही ते नव्या रचनेत येणारच कुठून? निक्सओएसने हीच रीत अख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिमला लावली. मागच्या रचना डिस्कवर शाबूत राहतात आणि मशीन सुरू होताना मेनूत त्यांची यादी दिसते; नवी बिनसली तर कालची निवडायची. निक्सची भाषा शिकताना डोकं उठतं, कागदपत्रं विस्कळीत आहेत, चुकांचे संदेश कधीकधी संतापजनक असतात, हे सगळं मान्य. तरीही या एका कामासाठी मला त्याहून चोख साधन माहीत नाही.

यादी दिसते कशी? प्रत्येक मशीनला एक नाव, जाळ्यातला एक पत्ता, एक सार्वजनिक किल्ली. बाहेरून गाठता येण्याजोगं असेल तर बाहेरचा पत्ता आणि पोर्ट, नसेल तर ते रकाने कोरे. तिच्यासोबत वीसेक ओळींचं एक फंक्शन, जे प्रत्येक मशीनवर तेच असतं: स्वतःचं नाव वगळ, उरलेल्या प्रत्येकाला जोडीदार कर, ज्याचा पत्ता कोरा आहे त्याच्याकडे स्वतःहून जाऊ नकोस, आणि तू स्वतः नॅटमागे असशील तर दर २५ सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवत राहा म्हणजे राउटर तुझी वाट विसरणार नाही. सगळ्या नोंदी यातून पडतात. नवं मशीन म्हणजे यादीत एक नवी नोंद आणि मग सगळीकडे एकच कमांड.

एकदा यादी हाताशी आली की तिच्यातून बाकीचं फुकट मिळतं. मशिनांची नावं ओळखणारी होस्ट फाइल तिच्यातूनच निघते. एसएसएचला पहिल्यांदा जोडताना 'हे मशीन ओळखीचं आहे का' असा जो प्रश्न पडतो आणि ज्याला आपण सगळेच डोळे झाकून 'यस' म्हणतो, त्याचं खरं उत्तरही तिच्यात ठेवता येतं. फायरवॉलमध्ये कोणतं पोर्ट कोणासाठी उघडायचं तेही. आणि दोन मशिनांना एकच पत्ता पडला तर निक्स रचना तयार करतानाच अडून बसावं, अशी अट दोन ओळींत घालता येते. वायरगार्डने जे गुपचूप केलं असतं ते इथे एकाही मशीनला हात लागण्याआधी तुमच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत येतं.

एका गोष्टीला मात्र या यादीत जागा नाही: खासगी किल्ली. निक्सचं भांडार मशीनवरच्या कुठल्याही वापरकर्त्याला वाचता येतं, आणि वर्णनात लिहिलेलं सगळं तिथे उतरतं. खासगी किल्ली सरळ वर्णनात लिहिली की ती सर्वांसाठी खुली झाली. वर यादी गिटमध्ये असेल तर इतिहासातही कायमची बसली. दोन वाटा आहेत. मशीनने स्वतःच किल्ली बनवावी, खासगी भाग तिथेच ठेवावा आणि सार्वजनिक भाग तेवढा आपण यादीत उतरवून घ्यावा. किंवा एजनिक्स वा सॉप्स-निक्स वापरून खासगी भाग कुलूपबंद अवस्थेत यादीशेजारी ठेवावा. तो त्या-त्या मशीनच्या एसएसएच किल्लीनेच उघडतो आणि चालू असतानाच्या तात्पुरत्या जागेत ठेवला जातो. मी पहिली वाट पसंत करतो. जी गोष्ट मशीनबाहेर गेलीच नाही ती हरवणार कशी? मात्र डिस्क गेली तर नवी किल्ली आणि यादीत दुरुस्ती, हे आलंच.

काढून टाकण्याचं काम वाटतं तितकं सोपं नाही. यादीतून नोंद खोडली, सगळ्या मशिनांवर नवी रचना चढवली, की तो लॅपटॉप परका झाला. पण 'सगळ्या' हा शब्द फसवा आहे. गावाकडच्या घरी ठेवलेलं, दोन महिने बंद असलेलं एक मशीन मे महिन्याच्या सुट्टीत कोणीतरी चालू करतं, आणि ते उठतं ते जुन्या यादीनिशी. त्याच्या लेखी काढलेला लॅपटॉप अजून घरचाच आहे. वायरगार्डच्या किल्लीला मुदत नसते, त्यामुळे ही ओळख आपोआप मिटत नाही. इथे दुसरी पद्धत सरस ठरते. स्लॅकने नोव्हेंबर २०१९ मध्ये खुल्या केलेल्या नेब्युलात प्रत्येक मशीनजवळ सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र असतं. सही पटली की ओळख पटली, सगळ्यांची नावं सगळ्यांकडे असायची गरज नाही, आणि प्रमाणपत्राला मुदत असते. अर्थात सही करणारी मूळ किल्ली जिवापाड जपावी लागते, आणि तिचीही मुदत संपते; मुळातल्या सेटिंगवर वर्षभरातच, आणि ती संपली की सगळं जाळं एकाच दिवशी बसतं. दहा-पंधरा मशिनांसाठी मी यादीच घेईन, आणि फार काळ बंद असलेलं मशीन उठल्यावर बोगदा उघडायच्या आधी नवी यादी ओढून घेईल अशी व्यवस्था करीन. शंभरांच्या वर गेलात तर नेब्युलाकडे वळा.

दुसरी अडचण अशी की नवी रचना दूरच्या मशीनवर चढवायची ती बहुधा याच बोगद्यातून. म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तिच्यावरच करवत. पोर्टचा आकडा चुकला, स्वतःचीच नोंद वगळली गेली, की कमांड अर्ध्यात लटकते आणि मशीन नागपूरला असेल तर रात्रीची गाडी. निक्सओएस यावर दोन उतारे देतं. 'टेस्ट' म्हणून चढवलेली रचना पुढच्या रीस्टार्टला टिकत नाही. कोणाला तरी फोन करून 'बटण बंद करून चालू कर' एवढंच सांगायचं. आणि डिप्लॉय-आरएससारखं साधन वापरलंत तर नवी रचना चढल्यावर तुमच्याशी पुन्हा संपर्क झाला नाही तर मशीन स्वतःच जुन्या रचनेवर परततं. हे नसेल तर निदान एका मशीनवर बोगद्याबाहेरून एसएसएचची वाट उघडी ठेवा.

आता मेश या शब्दाबाबत थोडा प्रामाणिकपणा. दोन्ही मशिनं नॅटमागे असतील तर नुसत्या वायरगार्डने ती थेट जोडली जात नाहीत. दोघंही समोरच्याने सुरुवात करायची वाट पाहत बसतात. टेलस्केल या तयार सेवेचं कसब इथे दिसतं. दोन्हीकडून एकाच वेळी पाकिटं सोडून नॅटमध्ये वाट पाडायची, आणि नाहीच पडली तर स्वतःच्या रिले सर्व्हरवरून, एन्क्रिप्शन न उघडता, पाकिटं पोचती करायची, हे ते आपोआप करतं. कोण आत आणि कोण बाहेर याची यादी मात्र त्यांच्या सर्व्हरवर राहते. ती स्वतःकडे हवी असेल तर हेडस्केल आहे. या पुस्तिकेत भाड्याचा एक छोटा व्हीपीएस मधे धरला आहे: ज्यांना थेट जमतं ते थेट, बाकीचे त्याच्यामार्फत. यात एक खाच आहे. मधल्या मशीनला १०.२०.०.० चा सगळा पट्टा दिला आणि एका जोडीदाराला त्यातला एक नेमका पत्ता, तर त्या पत्त्याची पाकिटं नेहमी थेट वाटेनेच जातील, ती वाट बंद असली तरी. वायरगार्ड 'थेट जमत नाही, मग फिरून जाऊ' असा विचार करत नाही. म्हणून कोणाला थेट धरायचं हे यादीतच ठरवावं लागतं. आयपीव्ही६ मुळे हे चित्र सुधारतंय. जिओने सुरुवातीपासून ते मोठ्या प्रमाणावर दिलं, आणि घरच्या मशीनला त्यात खरा पत्ता मिळतो. राउटरची फायरवॉल आत येणारं अडवते, पण ती निदान आपल्या हातात असते.

काही बारीक दुखणी पुस्तिकेत जागोजागी भेटतील. वायरगार्ड प्रत्येक हँडशेकमध्ये वेळ नोंदवतं, आणि आधी पाहिलेल्या वेळेपेक्षा जुनी वेळ घेऊन आलेल्याला दारात उभं करत नाही. रास्पबेरी पायच्या जुन्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. वीज जाऊन आली की ते भूतकाळात जागं होतं, आणि इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत त्याला कोणी ओळख देत नाही. वेळ जुळवणारा सर्व्हरच बोगद्यापलीकडे ठेवला असेल तर ते कायमचंच. पाकिटाच्या आकाराचंही असंच. वायरगार्डचं वेष्टन ८० बाइटांपर्यंत जातं, म्हणून ते आपली मर्यादा १४२० धरतं. पण पीपीपीओईवरच्या फायबर जोडणीत मुळातच १४९२ मिळतात, तेव्हा १४१२ लिहावं लागतं. लिहिलं नाही तर पिंग चालतं, लॉगिन होतं, आणि मोठी फाइल उघडली की सगळं गोठतं. पत्त्याऐवजी डोमेनचं नाव दिलं असेल तर वायरगार्ड ते सुरू होताना एकदाच विचारून घेतं. घरचा पत्ता बदलला की जुन्याच दारावर थापा मारत बसतं. या तिन्हींची उत्तरं यादीत रकाना वाढवून देता येतात, आणि एकदा दिली की ती सगळ्या मशिनांना मिळतात.

वाचकाला लिनक्सची कमांड लाइन वापरायची सवय आहे आणि एसएसएचने दुसऱ्या मशीनवर जाता येतं, एवढं गृहीत धरलं आहे. निक्स येत असलं पाहिजे असं नाही. लागेल तेवढं वाटेत शिकवलं आहे. तालुक्याच्या गावात ग्रंथालयाचे चार कॉम्प्युटर सांभाळणारा, दोन शहरांत ऑफिस असलेला चार्टर्ड अकाउंटंट, परदेशातून आईवडिलांच्या घरचा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा मुलगा किंवा मुलगी, अशी माणसं लिहिताना डोळ्यांपुढे होती. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला वेगळी माणसं असतात, त्यांनी वाचलं तर आनंदच आहे.

प्रकरणांचा क्रम थोडा उलटा वाटेल. जोडणी पहिल्या दोन प्रकरणांत उरकली आहे आणि तिसरंच प्रकरण मशीन काढून टाकण्याचं आहे. त्यात एक लॅपटॉप चोरीला गेला असं धरून यादीतून त्याची नोंद खोडायची, प्रत्येक मशीनवर जाऊन ती खरंच गेली का ते पाहायचं, आणि एक मशीन मुद्दाम बंद ठेवून नंतर चालू करायचं. घाई असेल तर नेब्युलाशी तुलना करणारं पाचवं प्रकरण सोडा, पण तिसरं हाताने करून पाहिल्याशिवाय चौथ्याकडे जाऊ नका.